पाय मोडलेलं करवानी पिल्लू वाढवताना

पिल्लू किंचाळलं की घरातलं जे कोणी जवळ असेल ते धावतं आणि त्याला छातीशी उचलून घेतं. माया खरी असते, पण त्या उचलण्यात मोडलेला पाय खाली लोंबकळतो. हाडाची टोकं आतल्या आत मांस आणि रक्तवाहिन्या फाडतात, कधी कातडीतून बाहेर येतात, आणि पंधरा-वीस दिवसांत जुळलं असतं ते हाड ऑपरेशनवर जातं. म्हणून आमच्या घरात लहान पोरांनाही एक गोष्ट पाठ आहे: लागलेलं पिल्लू उचलायचं नाही, त्याच्या खाली काहीतरी सरकवायचं. सूप, परात, पाट, जे हाताशी असेल ते. पिल्लू ज्या कुशीवर पडलंय त्याच कुशीवर राहू द्यायचं आणि अंगावर फडकं टाकायचं.

मी जत तालुक्यात राहते. सासऱ्यांच्या काळापासून घरात करवानी कुत्री आहेत. शहरातली मंडळी त्यांना कॅरव्हान हाउंड म्हणतात, मुधोळकडे मुधोळ हाउंड. कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असतील तर ती पश्मी. आता पैदास मी बघते. या जातीचे पाय लांब आणि हाडं बारीक, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. त्यामुळे पुढच्या पायाचं मनगटाच्या वरचं हाड मोडणं ही पिल्लांतली नेहमीची दुखापत. कोणाच्या तरी हातातून सुटतं, बाजेवरून उडी मारतं, म्हशीचा पाय पडतो. बिजली ही आमची मादी; तिच्या वेतातल्या चांद्या नावाच्या पिल्लावर रेडकाचा पाय पडला तेव्हा तो दूध सोडून नुकता भिजवलेलं खायला लागला होता. पुढे जे लिहितेय त्यातलं बरंचसं त्याच्यावर केलेलं आहे.

मोठ्या कुत्र्याला लागलं तर एक जखम भरायची असते. पिल्लाच्या बाबतीत जखम भरणं आणि अंग वाढणं एकाच वेळी चालू असतं. हाड झपाट्यानं जुळतं, पण वाकडं बसलं तर वाकडंच वाढतं. प्लास्टर आठवड्यात तोकडं पडतं. याच आठवड्यांत पिल्लू माणसाला, भावंडांना, आवाजांना ओळखायला शिकतं, आणि ते दिवस पुन्हा मिळत नाहीत. पाय बरा झाला पण पिल्लू भित्रं, रोडावलेलं राहिलं तर अर्धंच काम झालं. जखमेची काळजी करताना वाढीवरची नजर काढायची नाही, माझी सगळी पद्धत यावर उभी आहे.

पहिला अर्धा तास

पाय कितीही वेडावाकडा दिसला तरी आधी श्वास बघायचा. छाती नीट वरखाली होतेय का, तोंड उघडून धापा टाकतंय का, नाकातोंडातून रक्त येतंय का. मग ओठ वर करून हिरड्या बघायच्या. गुलाबी असतील तर ठीक. बोटानं हिरडी दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिकट पडल्या असतील आणि अंग थंड लागत असेल तर पोटात किंवा छातीत रक्तस्राव असू शकतो. मग पायाला काही बांधत बसू नका, तसंच दवाखान्यात न्या.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती फडकं घडी करून पाच मिनिटं सलग दाबून धरायचं. मधेमधे उचलून बघितलं की जमलेली गुठळी सुटते. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. दोरीनं आवळून बांधायचं नाही, एवढ्या बारीक पायात खालचा भाग मरायला वेळ लागत नाही. हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर ठेवा आणि निघा.

जखमेत हळद, चुना, तंबाखू, राख, रॉकेल, गाडीचं ऑइल यांतलं काहीही घालायचं नाही. हळदीबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. पण उघड्या जखमेत पूड गेली की डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते, आणि त्या खरवडण्याचं दुखणं पिल्लाच्या वाट्याला येतं. धुवायचं तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चहाचा चमचाभर मीठ, किंवा मेडिकलमधली सलाइनची बाटली. नंतर बेटाडीन कोऱ्या चहाचा रंग येईल इतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइडनं फेस येतो आणि साफ झाल्यासारखं वाटतं, पण नवीन भरत असलेलं मांसही त्यानं जळतं. डेटॉल आणि फिनाइल कुत्र्याच्या अंगाला लावायचंच नाही. पिल्लू ते चाटतं आणि पोटात घेतं.

घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, यांनी पिल्लाचं यकृत, मूत्रपिंड किंवा जठर निकामी होऊ शकतं. कुत्र्यांसाठी चालणारं मेलोक्सिकॅमसुद्धा सहा आठवड्यांखालच्या पिल्लाला देत नाहीत. दुखणं थांबवायला सुरक्षित औषधं आहेत, ती डॉक्टर वजन करून देतात, आणि ती मागून घ्यायची. ‘कुत्र्याला काय दुखतंय’ म्हणून कोणी ते टाळत असेल तर ऐकून घ्यायचं नाही.

दवाखान्यापर्यंत आधार म्हणून बांधायचं असेल तर फक्त कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खालचा पाय बांधा. भरपूर कापूस गुंडाळायचा, बाहेरून वर्तमानपत्राची जाड घडी किंवा बांबूच्या दोन कामट्या, वरून पट्टी. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे आत आले पाहिजेत. मांडीचं किंवा खांद्याजवळचं हाड मोडलं असेल तर घरी काहीच बांधायचं नाही. वरचा सांधा बांधता येत नाही, त्यामुळे कामटीचं सगळं वजन नेमकं मोडलेल्या जागी लोंबतं. अशा पिल्लाला टोपलीत टॉवेलच्या गुंडाळ्यांमध्ये टेकवून ठेवायचं, बस.

दुसऱ्या कुत्र्यानं फाडलं असेल आणि ते कुत्रं अनोळखी असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हातमोजे घालून. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा म्हणजे रेबीजच्या लसीचं वेळापत्रक ते ठरवतील. ज्यांनी उघड्या हातानं ती जखम हाताळली किंवा ज्यांना पिल्लानं ओरबाडलं, त्यांनीही आपला हात तसाच धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवावं. यात संकोच नको.

दवाखाना आणि एक्स-रे

१९६२ हा पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकाचा टोल-फ्री क्रमांक सगळ्यांनी फोनमध्ये ठेवावा. पण पाय मोडलाय अशी शंका असेल तर एक्स-रे लागतोच, आणि तो गाडीत होत नाही. गावात सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत: शिरवळ, परळ, उदगीर, परभणी, नागपूर. आम्ही चांद्याला शिरवळला नेलं. पहाटे निघालो, मांडीवर सूप, त्यात तो, आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली.

गावात हाड बसवणारे जाणते लोक असतात. माणसांच्या आणि बैलांच्या बाबतीत त्यांचा हात चालतो हे मी बघितलंय, त्यांना मी नमस्कारच करते. पण पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते, हाड तिथूनच लांब होतं. ती कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते, बोटांना कळत नाही. तिला धक्का बसलाय का हे एक्स-रेशिवाय समजत नाही, आणि कधीकधी पहिल्या एक्स-रेतही दिसत नाही. मनगटाजवळच्या दोन हाडांपैकी एकाचीच चकती बंद पडली तर एक हाड वाढतं, दुसरं थांबतं, आणि पाय धनुष्यासारखा वाकत जातो. म्हणून ‘दोन-तीन आठवड्यांनी परत एक्स-रे काढायचा ना?’ हे डॉक्टरांना आपण स्वतः विचारायचं.

आणखी एक गोष्ट आपणच सांगायची: ‘डॉक्टरसाहेब, हे करवानी आहे, याच्या अंगात चरबी नाही.’ थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधांतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात आणि भुलीत पटकन गार पडतात. ज्यांच्याकडे रोज लॅब्रॉडॉर आणि पामेरियन येतात त्यांच्या हे लक्षात राहीलच असं नाही. सांगितलेलं कोणाला वाईट वाटत नाही.

ऑपरेशनचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या वर जातो. आमच्या शेजारच्या काकांनी चांद्याला बघून सांगितलं, “वैनी, ह्ये काय कामाचं न्हाई आता. दुसरी सात हायती की.” ते वाईट मनानं बोलले नाहीत, पैदाशीचा हिशेब बहुतेक जण असाच करतात. मला तो मान्य नाही. मादी आपण लावली, वेत आपण घडवून आणलं, मग त्यातलं धडधाकट पिल्लू आपलं आणि मोडकं दैवाचं, असं होत नाही. मी प्रत्येक वेताच्या विक्रीतून काही रक्कम वेगळ्या डब्यात टाकते. तो डबा दवाखान्याचा. पैदास करणाऱ्यानं पहिलं पिल्लू विकण्याआधी ही सवय लावून घ्यावी. पैसे हातात असले की निर्णय पिल्लाकडे बघून घेता येतो.

काही वेळा जगवणं हीच क्रूरता ठरते, तेही सांगते. कणा तुटलेला असेल, मागच्या दोन्ही पायांत जाणीव नसेल, तर डॉक्टर बोटाच्या हाडापाशी चिमटा घेऊन बघतात. पाय मागे ओढला म्हणजे दुखलं असं नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. पिल्लू ओरडतं का, मान वळवून बघतं का, हे महत्त्वाचं. खोल जाणीवच नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर त्यांच्या हातून इंजेक्शननं शांतपणे झोपवायचं, आपण जवळ बसून. पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पाप आहे. एक पाय काढावा लागेल म्हणून मात्र कुणी पिल्लाला मारू नये. तीन पायांवर वाढलेलं पिल्लू पळतं, खेळतं, राखणही करतं.

ऊब आधी, मग दूध

तीन आठवड्यांखालचं पिल्लू असेल तर जखमेपेक्षा गारठ्याची भीती जास्त. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं स्वतःचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सियस असतं, मोठ्या कुत्र्याचं ३८.३ ते ३९.२. ते स्वतःला गरम ठेवू शकत नाही, कुडकुडूही शकत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या जागेची हवा ३० ते ३२ अंश हवी, मग हळूहळू कमी करत चौथ्या आठवड्यापर्यंत २४ च्या आसपास. खोक्याच्या एकाच बाजूला ऊब द्यायची म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येतं. पायाला प्लास्टर असलेल्या पिल्लाला मात्र सरकता येईलच असं नाही. त्याला दर तासा-दोन तासांनी हात लावून बघायचं आणि कूस बदलायची. बाटली किंवा हीटिंग पॅड थेट अंगाला लागू द्यायचं नाही, भाजतं.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. अंग ३५ अंशांच्या खाली गेलं की आतडं थांबतं, दूध पोटात नासतं किंवा फुप्फुसात जातं. आधी आपल्या पोटाशी धरून तास-दोन तासांत हळूहळू गरम करायचं. फारच मलूल असेल तर तेवढ्यात हिरड्यांना साखरेच्या पाण्याचं बोट लावायचं.

आई पाजत असेल तर तिच्यासारखं काही नाही. जखमी पिल्लाला सडाशी नेऊन धरायचं, बाकीच्यांना तेवढा वेळ बाजूला ठेवायचं. मागचे सड भरलेले असतात, तिथे लावायचं. दवाखान्यातून आणलेल्या पिल्लाला औषधाचा वास येतो आणि काही माद्या त्याला दूर ढकलतात. मी बिजलीच्या अंथरुणातलं फडकं पिल्लाच्या अंगाला पुसते, मग तिच्यासमोर ठेवते, आणि एक हात तिच्या मानेवर ठेवून बसते. ती पट्टी चाटायला लागली की मात्र उचलायचं. आईच्या जिभेनं टाके उसवतात.

आईचं दूध नसेल तर दुकानात पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, तीच आणा. गाईच्या दुधात प्रथिनं आणि चरबी कुत्रीच्या दुधाच्या निम्म्यानंही नसते आणि दुधातली साखर मात्र जास्त, त्यामुळे पिल्लू हगवणीला लागतं. त्यात पाणी घालून पातळ केलं तर पोट भरतं आणि पिल्लू उपाशी मरतं. पावडर येईपर्यंत एक-दोन दिवस निभवायचं झालं तर पाणी न घातलेल्या कपभर दुधात एका अंड्याचा बलक फेटून, कोमट करून देता येतं. नवजात पिल्लाच्या दर १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी साधारण ४ मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

पाजताना पिल्लू पोटावर असलं पाहिजे, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. पुढचा पाय बांधलेला असेल तर टॉवेलची गुंडाळी छातीखाली द्या. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं खालची बाजू हळूहळू पुसायची, तेव्हाच ते लघवी आणि शी करतं. तीन आठवड्यांपर्यंत हे काम आईची जीभ करते, नसली तर आपण.

वजन रोज, एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. निरोगी पिल्लू पहिल्या आठवड्यांत रोज पाच ते दहा टक्क्यांनी वाढतं. प्लास्टर बदललं की त्याच्या वजनाचा फरक वहीत लिहून ठेवायचा. एक दिवस वजन थांबलं तर लक्ष ठेवा, दोन दिवस थांबलं किंवा घटलं तर दवाखाना. पिल्लू मलूल दिसायच्या आधी काटा सांगतो. माझा या वहीवर डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे.

पट्टी बघण्याचं काम

प्लास्टर घातलं की निम्मी जबाबदारी घरच्यांवर येते. पट्टीच्या खाली मधली दोन बोटं उघडी ठेवलेली असतात, सकाळ-संध्याकाळ ती बघायची. दोन नखांमधलं अंतर वाढलं म्हणजे सूज आहे. बोटं गार लागली, काळी-निळी दिसली, तर त्याच दिवशी पट्टी सोडवून घ्यायची. डॉक्टर दूर आहेत म्हणून उद्यावर ढकलू नका, पाय जातो. नाक लावून वासही घ्यायचा. आत काही सडत असेल तर आधी वास येतो. शांत असलेलं पिल्लू अचानक प्लास्टर चावायला लागलं तर ते खोडी काढत नाहीये, आत टोचतंय किंवा चिघळतंय.

लघवीला बाहेर नेताना सलाइनची रिकामी पिशवी कापून पायात चढवायची. जाड असते, फाटत नाही. आत आल्यावर लगेच काढायची, नाहीतर घामानं आतून ओलं होतं. ओली पट्टी बदलायचीच, पंख्याखाली वाळवून चालत नाही.

आठवड्याला प्लास्टर बदलण्याचा मी वर उल्लेख केला, तो डॉक्टरांचा धंदा वाढवण्यासाठी नाही. या वयात पाय डोळ्यांदेखत लांब होतो आणि कडक प्लास्टर मांसात रुततं. तीन महिन्यांखालच्या पिल्लाचं साधं मोडलेलं हाड दोन ते चार आठवड्यांत धरतं. त्यानंतर जास्त दिवस बांधून ठेवणं हेही नुकसानच. मागचा पाय ताठ बांधून ठेवला तर मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि पाय काठीसारखा सरळच राहतो, मग तो पुन्हा दुमडत नाही.

पावसाळ्यात माश्यांची भीती. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात. आमच्याकडे लहान बाळाची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आहे, ती पिल्लाच्या खोक्यावर घालतो. जखमेभोवतीचे केस कापून ठेवायचे. अळ्या दिसल्याच तर टर्पेंटाइन ओतू नका, लहान पिल्लाला ते विषारी पडतं. डॉक्टर चिमट्यानं काढतात आणि औषध देतात.

कोंडून ठेवणं, पण एकटं न पाडणं

पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू दुखणं थांबलं की पळायला बघतं. त्याला समजावता येत नाही, जागाच लहान करावी लागते. उभं राहता येईल, वळता येईल, पसरता येईल, पण धावता येणार नाही एवढा पिंजरा. खाली गोठ्यात घालतात तसली रबराची मॅट, त्यावर गोणपाट. फरशीवर मोडका पाय घसरला की पुन्हा मोडतो.

पिंजरा आतल्या खोलीत ठेवायचा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. करवानी मुळातच परक्यापासून अंग चोरणारी जात. या दिवसांत कोपऱ्यात पडलेलं करवानी पुढे माणसाच्या हाताला येत नाही. चांद्याचा पिंजरा ओट्यावर होता. समोरून ट्रॅक्टर जायचा, शाळेची पोरं जायची, आत कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी सासूबाईंची जपमाळ. सासूबाई त्याच्याशी बोलत बसायच्या. ओळखीच्या, लसीकरण झालेल्या घरच्या कुत्र्यांशिवाय दुसरं कुत्रं मात्र जवळ येऊ द्यायचं नाही.

भावंडं जाळीपलीकडे हवीतच. रोज दोन वेळा, भावंडांची पोटं भरलेली असताना, त्यातलं एक शांत पिल्लू आत सोडायचं आणि आपण तिथेच बसायचं. किती जोरात चावलं की समोरचा किंचाळतो, हे पिल्लू पिल्लाकडूनच शिकतं. ते माणसाला शिकवता येत नाही.

खाण्याबद्दल एवढंच: हाड मोडलंय म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या ओतू नका. वाढत्या पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, हाडं वेडीवाकडी होतात. उलट नुसतं उकडलेलं मांस आणि भात घालणाऱ्यांच्या पिल्लांना कॅल्शियम कमी पडून हाडं कागदासारखी पातळ होतात आणि बाजेवरून उतरतानाही मोडतात. पिल्लांसाठीचं तयार खाद्य समतोल असतं. ते मुख्य ठेवून वर अंडं, थोडं उकडलेलं चिकन, दही, दिवसातून चार वेळा. भाकरी-दूध पोट भरायला ठीक, पण जखम भरायला पुरत नाही. कांदा-लसणाचा रस्सा आणि शिजवलेली हाडं नाहीत.

जंताचं औषध दोन आठवड्यांचं असल्यापासून दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, वजनाप्रमाणे. लसीचं पहिलं इंजेक्शन सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांना. प्लास्टर आहे म्हणून लस पुढे ढकलायची का हे डॉक्टर ठरवतील, आपण परस्पर ठरवायचं नाही. दवाखान्यात पार्वोची, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या साथरोगाची कुत्री येतात. तिथे पिल्लू जमिनीवर सोडू नका, आणि घरी आल्यावर सूप, चपला, हात धुवा. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फरशी, पिंजऱ्याचा तळ यांना एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं, मग स्वच्छ धुऊन वाळवायचं.

प्लास्टर निघाल्यावर

पाय बारीक झालेला असतो, केस गेलेले असतात, आणि पिल्लू तो टेकवत नाही. डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितल्यावर कोमट फडक्यानं पाय शेकून प्रत्येक सांधा दहा-पंधरा वेळा हळूहळू दुमडायचा आणि सरळ करायचा, दिवसातून दोन-तीनदा. पिल्लानं पाय ओढून घेतला तिथे थांबायचं. आठवडाभरात त्याहून थोडं पुढे जाता येतं.

मग दोरीवर चालवणं, आणि तेही अगदी सावकाश. जोरात पळताना कुत्रं चौथा पाय वर धरून तीन पायांवर निघून जातं. हळू चाललं तर टेकवावाच लागतो. मऊ मातीच्या बांधावर पाच मिनिटांपासून सुरुवात. जिना, बाज, उड्या, मोकळ्या रानात सोडणं, हे सगळं डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बंद. करवानीला रान दिसलं की ते थांबत नाही, म्हणून साखळीऐवजी छातीचा पट्टा, त्यानं मानेला आणि पुढच्या पायाला हिसका बसत नाही.

त्याच दिवसांत आपली जागा सुधारून घ्यायची. पिल्लांच्या आवाराला गोठ्यापासून जाळी. मादी विते त्या खोक्याला आतून भिंतीपासून चार बोटं अंतरावर लाकडी कठडा, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी मधे पिल्लू चिरडत नाही. पोरांनी पिल्लू घ्यायचं ते जमिनीवर बसून, उभं राहून नाही.

पिल्लू देताना

आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, हा २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांचा भाग आहे. जखमी पिल्लाला मी त्याहून बराच काळ ठेवते, हाड जुळून दुसरा एक्स-रे होईपर्यंत. घेणाऱ्यापासून काही लपवायचं नाही. कोणता पाय, कधी मोडला, काय उपचार झाले, कोणती औषधं दिली, लसी कोणत्या तारखांना, हे सगळं लिहून एक्स-रेच्या फिल्मसकट द्यायचं आणि त्याच्यासमोर पिल्लाला चालवून दाखवायचं. अपघातानं मोडलेला पाय पुढच्या पिढीत जात नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी ते पैदाशीतून बाद होत नाही. काही न घडताही हाडं मोडत असतील किंवा जन्मतःच पाय वाकडा असेल, तर मात्र त्याची आणि त्याच्या आईबापांची जोडी पुन्हा लावू नये.

शर्यतीसाठी विचारायला येणाऱ्यांना मी असं पिल्लू देत नाही. चांद्या द्राक्षबाग असलेल्या एका कुटुंबाकडे गेला. तिथे त्याला मोकळं रान आहे आणि वेळेशी पळायची सक्ती नाही. त्यांच्याकडून मी एवढंच कबूल करून घेतलं: वर्षाचा होईपर्यंत दर महिन्याला समोरून उभा असलेला फोटो पाठवायचा, दोन्ही पुढचे पाय दिसतील असा. पाय बाहेरच्या बाजूला वळायला लागला तर सहा-सात महिन्यांच्या आत लहान ऑपरेशन करून तो सरळ आणता येतो, वाढ संपल्यावर ते फार अवघड जातं. फोटो आला नाही तर मी फोन करते.